काठावरची मुळं आणि मिथेनचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात पीट नाही. वनस्पतींचे अवशेष पाण्याखाली पुरते न कुजता शतकानुशतकं साचत गेले की पीट तयार होतं आणि त्यासाठी बारमाही ओल लागते. निलगिरीच्या माथ्यावर ती मिळते. इथली काळी जमीन मात्र उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून हवा आत शिरते आणि सेंद्रिय द्रव्य जळून जातं. तरीही पीटभूमीच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न इसापूर, बेंबळा, अरुणावती या धरणांच्या काठांना लागू पडतो. चिखलातून किती मिथेन बाहेर पडणार हे पाण्यावर ठरतं की मुळांवर आणि मातीवर? नुसतं पाण्याखालचं क्षेत्र मोजून मांडलेला हिशेब फसवा असतो, असं माझं मत आहे.

काठावरचं पाणकणीस पाहा. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून ते पानांतल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोचवतं. त्याच वाटेने चिखलातला मिथेन वर येतो, दिवसा उन्हात अधिक जोमाने. शिवाय मुळांतून पाझरणारी शर्करा आणि आम्लं मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवतात. एवढं वाचून कोणी म्हणेल, मग पाणकणीस उपटूनच टाका. पण मुळांभोवती झिरपलेल्या प्राणवायूवर मिथेन खाणारे जिवाणूही जगतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांनी भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे करून वाढवले. त्यांतला मिथायलोक्युक्युमिस ओरायझी तर काकडीच्या आकाराचा आहे. वनस्पती काढली की हा पहारा जातो आणि चिखलातला वायू बुडबुड्यांनी थेट वर येऊ शकतो. कोणती बाजू वरचढ ठरते हे त्या त्या जागी मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी वनस्पतीवर पारदर्शक पेटी बसवून ती हवाबंद करतात, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा काढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. शेजारीच पाण्याखालून कापलेल्या वनस्पतींवर दुसरी पेटी ठेवली की वायुनलिका बंद झाल्यावर काय फरक पडतो ते दिसतं.

मातीचा वाटा याहून कमी चर्चेत येतो. पाण्याखाली गेलेल्या मातीतले सूक्ष्मजीव आधी प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट. साधारणपणे त्यानंतरच मिथेनची पाळी येते. पीट सदा भिजलेलं असल्याने तिथे हा क्रम बहुधा शेवटच्या पायरीवरच असतो. आपल्या धरणांचं पाणी हिवाळ्यापासून ओसरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, लोहाला पुन्हा हवा लागते आणि पावसाळ्यात घड्याळ जणू नव्याने सुरू होतं. म्हणून पीटचे आकडे इथे उसने घेता येत नाहीत. गुरांचा मिथेन जास्त, मग काठाची उठाठेव कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण गुरांची गणना होते, काठ मात्र अंदाजानेच धरला जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 किलोंइतकी उष्णता धरतो. एवढ्या वजनदार वायूबाबत अंदाज परवडत नाही.

यवतमाळच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या काठावर वर्षभर, दिवसा आणि रात्रीही, अशा पेट्या लावाव्यात. भर दुपारी एकदाच घेतलेला नमुना वर्षाचा हिशेब सांगू शकत नाही.