संशोधनात संमती कोणाची?

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय, त्याचे रुग्णालय आणि संशोधन संस्था शेजारी-शेजारी उभ्या आहेत. अशा आवारात उपचारासाठी येणारा रुग्ण आणि संशोधनात भाग घेणारी व्यक्ती एकाच वाटेने आत येतात; त्यामुळे दोहोंतील भेद सहज पुसला जातो. उपचाराचा हेतू समोरच्या रुग्णाचे हित हा असतो, तर संशोधनाचा हेतू आजवर ठाऊक नसलेले जाणून घेणे हा असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या कुटुंबांनी हा भेद ओळखणे निकडीचे आहे.

विकसित होत असलेल्या मेंदूला इजा झाल्याने हालचाल व तोल यांवर जन्मभर परिणाम करणारी ही अवस्था समूळ बरी करणारा उपचार आज नाही. याच पोकळीत आशेचा बाजार भरतो. मूलपेशींचे इंजेक्शन ‘प्रायोगिक’ म्हणून सुचवले जाते आणि त्यासाठी पालकांकडून मोठी रक्कम मागितली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेरचा असा वापर अनैतिक ठरतो. संशोधनाचा खर्चही सहभागी व्यक्तीवर टाकता येत नाही. ‘प्रयोग’ म्हणून पैसे मागितले जात असतील, तर पालकांनी तेथेच सावध व्हावे. वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सर्वांना खुली आहे आणि जून २००९ पासून तीत नोंदणी अनिवार्य आहे. ती पाहण्याचा हक्क प्रत्येकाने बजावावा.

म्हणून संशोधनाकडेच पाठ फिरवावी काय? तसे मुळीच नाही. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे हे सेरेब्रल पाल्सीचे एक कारण आहे. अशा बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवल्यास मृत्यू व अपंगत्व कमी होते, असे श्रीमंत देशांतील चाचण्यांत दिसले होते. ‘हेलिक्स’ चाचणीने भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तेच तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शरीर थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के, तर इतरांपैकी ३१ टक्के दगावली. परदेशातील गुण येथे आला नाहीच, उलट अपाय झाला. त्या पालकांनी सहभाग दिला नसता, तर हे कळलेच नसते.

मात्र सहभागाचा निर्णय कोणाचा? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार, दिव्यांग व्यक्तीवरील संशोधनासाठी तिची स्वतःची, सुगम संवादमाध्यमातून घेतलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती हवी. शिवाय ज्या समितीची पूर्वपरवानगी लागते, तिचे किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. मुंबईच्या मालिनी छिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. बोलता न येणे म्हणजे न समजणे नव्हे, याचा याहून ठसठशीत दाखला कोणता? तरीही प्रश्न मुलाला विचारला जातो आणि उत्तर आईकडून घेतले जाते. वास्तविक, सात वर्षांपुढील मुलाची स्वतःची अनुमतीही विचारात घ्यावी, असे परिषदेचीच तत्त्वे सांगतात.

संवादफलकावर बोट टेकवून किंवा नजरेने ‘हो’ म्हणायला वेळ लागतो. संशोधकाने तो वेळ दिला पाहिजे, प्रवासाचा खर्च भरून दिला पाहिजे आणि अखेरीस काय निष्पन्न झाले तेही त्या घरी कळवले पाहिजे. आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या व्यक्तीच्या नेहमीच्या उपचारांत तसूभरही उणीव येता कामा नये.