नायगावची पाणी पंचायत

नायगावची पाणी पंचायत ही पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव या लहान शेतकरी गावात १९७० च्या दशकात आकाराला आलेली सामूहिक पाणीवाटपाची व्यवस्था होय. पाण्यावरील हक्क जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवणे, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य. विलासराव साळुंखे (१९३७–२००२) हे तिचे प्रवर्तक होते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव असलेले नायगाव सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. ते या गावाहून वेगळे.

भौगोलिक पार्श्वभूमी

पुरंदर तालुक्याचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस कमी पडतो आणि त्याचा भरवसाही नसतो. कऱ्हा ही या भागातील प्रमुख नदी; पण तीही वर्षातील बराच काळ कोरडी असते. उतारावरची हलकी, मुरमाड जमीन पाणी धरून ठेवत नाही. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही येथील पारंपरिक कोरडवाहू पिके होत. पाऊस हुकला की कुटुंबातील कर्त्या माणसांनी कामासाठी पुण्या-मुंबईची वाट धरायची, हे या परिसरातील गावांचे ठरलेले जीवन होते.

दुष्काळ आणि प्रयोगाचा आरंभ

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकऱ्यांना खडी फोडण्याच्या व मातीकामाच्या सरकारी कामांवर जावे लागले. पुण्यात अभियंता व उद्योजक असलेल्या साळुंखे यांनी या काळात पुरंदर तालुक्यातील परिस्थिती जवळून पाहिली. दुष्काळी कामांमुळे लोकांच्या हाताला मजुरी मिळत होती. परंतु काम संपल्यावर गावाची पाण्याची अडचण तशीच राहत होती. पडणारा पाऊस गावच्या शिवारातच अडवला, तर कमी पावसातही शेती उभी राहू शकेल, असा विचार त्यांनी मांडला.

त्यासाठी त्यांनी नायगाव येथे मंदिराच्या विश्वस्तांकडून सुमारे ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. उतारावर बांध घालण्यात आले, टेकडीच्या पायथ्याशी पाझर तलाव बांधण्यात आला व तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदण्यात आली. तलावात साठलेले पाणी जमिनीत मुरून विहिरीत उतरत असे आणि तेथून ते उपसून वरच्या शेतांना दिले जाई. ओसाड माळावर पिके उभी राहिल्याचे पाहून शेजारच्या शेतकऱ्यांनीही एकत्र येऊन उपसा योजना करण्याची तयारी दाखवली.

पाणीवाटपाचे नियम

योजना एकट्या शेतकऱ्यासाठी नव्हे, तर गटासाठीच केली जाई. तिचे प्रमुख नियम असे होते :

• दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी. मात्र एका कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरतेच.
• पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकता येत नाही.
• भूमिहीन कुटुंबांनाही पाण्याचा वाटा.
• ऊस व त्यासारखी जास्त पाणी लागणारी पिके घेण्यास मनाई.
• योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थींनी स्वतः उभा करणे.

पाणी सोडण्यासाठी गट आपला पाटकरी नेमत असे. पाळीचा क्रम व तंटे सदस्यांच्या बैठकीत ठरत.

नियमांमागील तर्क

पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटले, तर वीस एकरवाल्याला तीन एकरवाल्याच्या जवळजवळ सातपट पाणी मिळते. पाणी पंचायतीत ही दोन्ही कुटुंबे पाच माणसांची असतील, तर दोघांनाही अडीच एकरांचेच पाणी मिळे. तीन माणसांच्या कुटुंबाला दीड एकराचे मिळे. आठ माणसांच्या कुटुंबालाही अडीच एकरांची मर्यादा ओलांडता येत नसे. मोठ्या जमीनधारकाची जमीन कोणी काढून घेत नव्हते, पण उरलेल्या क्षेत्रावर त्याला कोरडवाहू पीकच घ्यावे लागे. भूमिहीन कुटुंब आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकत असे. दुष्काळात भूक माणसांना लागते, एकरांना नव्हे, हा या वाटपामागील साधा न्याय होता.

ऊसबंदीचे कारणही याच हिशेबात आहे. ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शेतात उभा राहतो आणि उन्हाळ्यातही पाणी मागतो. तेवढ्या पाण्यात ज्वारी, गहू, कडधान्ये यांसारखी हंगामी पिके कितीतरी अधिक क्षेत्रावर निघतात.

प्रभाव व मर्यादा

नायगावचा नमुना पुरंदर तालुक्यातील इतर गावांत पोहोचला. ‘पाणी पंचायत’ हा शब्दही पुढे राज्याबाहेर रूढ झाला. ओडिशाने २००२ मध्ये याच नावाचा कायदा केला. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा आला. पाणीवापर संस्थांना त्यामुळे कायदेशीर स्थान मिळाले; परंतु त्यांतील पाण्याचा हक्क मुख्यतः लाभक्षेत्रातील जमीनधारकांना आहे. भूमिहीनांचा वाटा हा नायगावच्या व्यवस्थेचा गाभा सर्वसाधारण कायद्यात उतरला नाही.

पाणी पंचायतीचे नियम सहमतीवर आधारलेले होते, आणि हीच तिची मर्यादाही होती. गटाबाहेरच्या शेतकऱ्याने खोल विंधनविहीर घेतली किंवा ऊस लावला, तर त्याला रोखण्याचा अधिकार गटाकडे नव्हता. जमिनीखालचे पाणी मात्र बांधाच्या सीमा पाळत नाही. त्यामुळे पाणी जमिनीच्या मालकाचे की गावातील सर्व माणसांचे, हा नायगावने पुढे आणलेला प्रश्न अवर्षणप्रवण भागातील शेतीच्या चर्चेत आजही केंद्रस्थानी आहे.