चार तासांचा वर्ग आणि आपल्या घरातली वीज



आपल्याकडे दरवर्षी दोन मोसम पाठोपाठ येतात. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम आणि त्याच काळात गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी. दोन्हींत विजेची कामे निघतात. कोणाला जनरेटर जोडून हवा असतो, कोणाला देवघरात नवा प्लग, कोणाला अंगणात माळा. मग फोनाफोनी सुरू होते, "स्वस्तात करून देणारा कोणी आहे का?" मिळालेला माणूस परवानाधारक आहे का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. अलीकडे एका आजींनी मला स्पष्टच विचारले, "डॉक्टर, काम येत असलं म्हणजे झालं की. परवान्याचा कागद काय करायचाय?"

प्रश्न रास्त आहे. मी वायरमन नाही, पण विजेने माणसाच्या शरीराचे काय होते ते मी नोकरीच्या वर्षांत पाहिले आहे. म्हणून टेक्सासमध्ये हा परवाना कसा मिळतो, दरवर्षी तो नवा करताना इलेक्ट्रिशियनला काय शिकावे लागते आणि त्याचा आपल्या म्हातारपणाशी काय संबंध, हे इथे सांगतो.

अमेरिकेत इलेक्ट्रिशियनचा परवाना केंद्र सरकार देत नाही. ज्या त्या राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये हे काम 'टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसेन्सिंग अँड रेग्युलेशन' हे खाते पाहते. सगळे त्याला टीडीएलआर म्हणतात. नवशिका आधी अप्रेंटिस म्हणून नाव नोंदवतो आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करतो. असे ८,००० तासांचे काम आणि परीक्षा झाली की तो जर्नीमन होतो. ८,००० तास म्हणजे पूर्णवेळ कामाची साधारण चार वर्षे. १२,००० तासांचे काम, जर्नीमन म्हणून किमान दोन वर्षे आणि आणखी एक परीक्षा, एवढे झाल्यावर मास्टर. आपल्या रेसिडेन्सीसारखाच हा प्रकार आहे. नुसती पुस्तके वाचून कोणाला मोकळे सोडत नाहीत.

पण एकदा परवाना मिळाला की जन्मभराची सोय झाली, असे नाही. तो एका वर्षापुरता असतो. जर्नीमन असो वा मास्टर, मुदत संपण्याआधी त्याला मान्यताप्राप्त संस्थेकडून चार तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते. वर्गात बसून करा किंवा संगणकावर, दोन्ही चालते. संस्था त्याची नोंद थेट टीडीएलआरकडे पाठवते. परवान्याची मुदत टळली तर पुन्हा नवा करून घेईपर्यंत त्याला काम करता येत नाही.

आम्हा डॉक्टरांनाही हे चुकलेले नाही. टेक्सासमध्ये डॉक्टरला दर दोन वर्षांत ४८ क्रेडिटचे शिक्षण दाखवावे लागते. मला त्याचा कंटाळा यायचा, हे मी लपवत नाही. तरीही माझ्या विद्यार्थिदशेत बरोबर मानलेले कितीतरी उपचार आज चूक ठरले आहेत. जे मला त्या वर्गांत कळले, ते माझ्या रुग्णांच्या कामी आले. विजेच्या बाबतीतही तसेच आहे.

त्या चार तासांत तीन विषय असतात.

पहिला विषय म्हणजे 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड'. हे विजेच्या जोडणीच्या नियमांचे जाडजूड पुस्तक आहे. पहिली आवृत्ती १८९७ सालची. आता 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन' ही संस्था ते दर तीन वर्षांनी सुधारून काढते. २०२३ची आवृत्ती टेक्सासने १ सप्टेंबर २०२३ पासून लागू केली. दर आवृत्तीत काही नियम बदलतात, काही नवे येतात. अपघात घडतात, त्यांची कारणे शोधली जातात आणि त्यातून नियम तयार होतो.

एक उदाहरण बाथरूमचे घेऊ. तिथल्या प्लगवर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन छोटी बटणे असतात, ती आपण पाहिली असतील. त्याला जीएफसीआय म्हणतात. बाथरूममध्ये तो १९७५च्या कोडने सक्तीचा केला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सिंकच्या आसपास, १९८७च्या कोडने. त्याचे काम समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र सांगतो.

घरातला ब्रेकर १५ किंवा २० अँपिअरला पडतो. तो तारा तापून आग लागू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही. माणसाच्या हातातून १० ते २० मिलिअँपिअर करंट गेला की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. छातीतून सुमारे १०० मिलिअँपिअर गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलले जात नाही. एक अँपिअर म्हणजे हजार मिलिअँपिअर. म्हणजे आपला जीव जाण्याइतका करंट वाहत असताना १५ अँपिअरच्या ब्रेकरला त्याचा पत्ताही नसतो. कोरड्या कातडीला बराच विरोध असतो. ओल्या अंगाचा विरोध हजार ओमच्या आसपास उतरू शकतो आणि मग इथला १२० व्होल्टचा पुरवठासुद्धा पुरेसा घातक ठरतो. "इथे भारतासारखे २३० व्होल्ट नाहीत, काही होत नाही," हा आपल्या मंडळींचा समज म्हणूनच काढून टाकायला हवा. जीएफसीआय मात्र जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून पाहतो. चार ते सहा मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणार्धात पुरवठा तोडतो.

आता गंमत बघा. जुन्या घरातली जुनी जोडणी आहे तशी राहू शकते, नवा नियम आला म्हणून घर उकलावे लागत नाही. पण तोच जुना प्लग बदलायला काढला, की आज जिथे जीएफसीआय सक्तीचा आहे तिथे ते संरक्षण द्यावेच लागते. ज्याला हे ठाऊक नाही तो जुन्याच्या जागी तसाच साधा प्लग बसवून जातो. दिवा लागतो, शेव्हर चालतो, पैसेही कमी होतात. आपल्याला वाटते, काम छान झाले.

अशी आणखी उदाहरणे आहेत. तारेत बारीक ठिणग्या पडू लागल्या की पुरवठा तोडणारा एएफसीआय ब्रेकर १९९९च्या कोडमध्ये शयनगृहासाठी आला. लहान मुलांनी काडी खुपसली तरी आत जाऊ नये अशी झडप असलेले प्लग २००८च्या कोडने घरांत सक्तीचे केले. नातवंडे येतात त्या घरात याचे मोल वेगळे सांगायला नको. २०२०च्या कोडने घराबाहेर आपत्कालीन मुख्य स्विच मागितला, म्हणजे आग लागली तर अग्निशमन दलाला आत न शिरता वीज तोडता येते. साधारण १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या बऱ्याच घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत. त्यांचे जोड सैल होऊन तापतात. तिथे तांब्याच्या तारेसाठी असलेला साधा प्लग लावणे धोक्याचे असते.

दुसरा विषय सुरक्षितता. त्यासाठी 'एनएफपीए ७०ई' नावाचे वेगळे मानक आहे. ते इलेक्ट्रिशियनच्या स्वतःच्या जिवासाठी आहे. काम सुरू करण्याआधी पुरवठा बंद करणे, कोणी चुकून चालू करू नये म्हणून तिथे कुलूप आणि चिठ्ठी लावणे, वीज खरोखर गेली आहे हे मापकाने तपासणे, गरजेप्रमाणे हातमोजे आणि चेहऱ्याचे कवच वापरणे, असे ते धडे. विजेची भाजणी फसवी असते. हातावर पैशाएवढा काळा डाग दिसतो आणि आत स्नायू खोलवर जळालेला असतो. आपल्या घरी आलेला माणूस पुरवठा बंद न करता पॅनेलमध्ये हात घालू लागला तर त्याला थांबवा. तोही कोणाचा तरी मुलगा आहे.

तिसरा विषय राज्याचा कायदा आणि नियम. कोणते काम कोणी करायचे, परवान्याशिवाय काय चालत नाही, ग्राहकाला कोणती माहिती द्यायची, हे त्यात येते.

या तिन्ही विषयांचा एकत्र प्रत्यय येतो तो जनरेटरच्या वेळी. फेब्रुवारी २०२१च्या कडाक्याच्या थंडीत आणि ८ जुलै २०२४ला आलेल्या बेरिल वादळानंतर काय झाले ते आपण भोगले आहे. बेरिलने आपल्या भागात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली. अशा वेळी काही जण जनरेटरची तार सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसतात. मग ती वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते. वाटेतला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवतो आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या कामगाराचा जीव धोक्यात येतो. म्हणूनच कोड सांगतो की घराच्या जोडणीला जनरेटर जोडायचा तर ट्रान्सफर स्विचसारखी सोय हवी, जेणेकरून दोन्ही पुरवठे एकत्र येणारच नाहीत. आणि डॉक्टर म्हणून माझी भर: जनरेटर गॅरेजमध्ये, पडवीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नका. घरापासून किमान २० फूट लांब ठेवा. २०२१च्या थंडीत जनरेटर, कोळशाच्या शेगड्या आणि गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या गाड्या यांच्या कार्बन मोनॉक्साइडने टेक्सासमध्ये शेकडो माणसे रुग्णालयात पोचली. या वायूला वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि म्हातारा माणूस "जरा पडतो" म्हणून आडवा होतो.

चार तास पुरतात का, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर चार तासांत कोणी कसबी होत नाही. कसब त्या ८,००० तासांतच येते. न्यूजर्सीत विजेच्या कंत्राटदाराला तीन वर्षांत ३४ तास लागतात, मिनेसोटात दोन वर्षांत १६ तास. पेन्सिल्व्हेनिया आणि इलिनॉय या राज्यांत तर राज्यपातळीवर परवानाच नाही, शहरे आपापले नियम करतात. तेव्हा मुले तिकडे राहत असतील तर त्यांनी तिथली चौकशी करावी. पण आपले चार तास दरवर्षी येतात. त्यामुळे निदान एवढी खात्री राहते, की या माणसाने गेल्या वर्षभरात नवा नियम एकदा तरी ऐकला आहे आणि त्याच्या कामाचा जाब विचारणारे कोणी आहे. बिनपरवान्याच्या माणसाबद्दल यातले काहीच म्हणता येत नाही.

मग आपण करायचे काय?

पहिले, नाव आणि परवाना क्रमांक विचारा. टीडीएलआरच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घातला की परवाना चालू आहे की मुदत संपली, ते दिसते. विचारायला संकोच करू नका. चांगला कारागीर रागावत नाही.

दुसरे, कंत्राटदाराचा परवाना वेगळा असतो. त्याचा क्रमांक गाडीवर लिहिलेला असतो. अंदाजपत्रक, करार आणि बिल यांवर त्याचे नाव, पत्ता, क्रमांक आणि टीडीएलआरचा उल्लेख असावा लागतो. कोऱ्या कागदावर आकडा लिहून रोख मागणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या.

तिसरे, पॅनेल बदलण्यासारख्या मोठ्या कामाला शहराचे परमिट लागते आणि नंतर तपासनीस येतो. "परमिट नको, लवकर करून देतो" म्हणणारा तुमचा वेळ वाचवत नसतो.

चौथे, घरातल्या जीएफसीआयचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. पुरवठा तुटला नाही तर तो निकामी आहे. ऑक्सिजनचे यंत्र एक्स्टेन्शन वायरवर चालवू नका, ते थेट भिंतीतल्या प्लगला लावा.

पाचवे, कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी ब्रेकर बंद करा, ९११ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. शॉकनंतर "मला बरं वाटतंय" म्हटले तरी ज्येष्ठ माणसाचा ईसीजी काढून घ्यावा, पेसमेकर असेल तर नक्कीच.

आता मंदिराविषयी. स्वतःच्या राहत्या घरात मालकाने स्वतः काम केले तर राज्याचा कायदा सहसा आड येत नाही, शहराचे नियम मात्र पाहावे लागतात. मंदिर हे कोणाचे राहते घर नव्हे. आपल्यात हुशार इंजिनिअर पुष्कळ आहेत आणि त्यांचा सेवाभाव मोठा आहे. पण सभागृहात नवा प्लग काढणे, मंडपासाठी पॅनेलमधून तार घेणे, ही सेवा त्यांनी करू नये. माळा लावाव्यात, रांगोळ्या काढाव्यात, तार ओढण्याचे काम परवानाधारकाकडे द्यावे. गणपतीपुढे चारशे माणसे बसलेली असतात आणि त्यांत निम्मी काठी टेकत आलेली.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे, की कल्याण निधीतून एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरची वीज परवानाधारकाकडून एकदा तपासून घ्यावी. सभासदांना आवाहन असे की दिवाळीच्या रोषणाईतला थोडा भाग या कामासाठी द्यावा. आणि ज्यांना संगणकावर परवाना पाहणे जमत नाही त्यांनी काम ठरवण्याआधी कार्यालयात सांगावे. रविवारी आरतीनंतर आपली तरुण मुले दोन मिनिटांत पाहून देतील. ही मात्र सेवा त्यांनी जरूर करावी. तिला परवाना लागत नाही.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर सभासद, ह्यूस्टन