हाताने चालवता येईल का?

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकू लागला. कर्मचारी माउस हलवत राहिले, पण उपकेंद्रं त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक करून बंद पडत गेली. तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात गेले. घुसखोर कित्येक महिने आधीच आत शिरले होते, तेही ई-मेलला जोडलेल्या साध्या ऑफिस फाइलमधून. हा किस्सा भीती घालायला नेहमी सांगतात. त्याचा उत्तरार्ध मात्र गाळतात. काही तासांतच वीज परत आली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने चालू केले.

सायबर सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे कुंपण किती उंच, एवढीच चर्चा होते. कुंपण हवंच, पण चोर आत आल्यावर काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि उरणजवळच्या जेएनपीटीतलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. संबंध इतकाच, की ते टर्मिनल जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाचं होतं. भांडण कुणाचं आणि ट्रकांची रांग कुठे! मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, नुकसान ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. साऱ्या जाळ्याचा नकाशा असलेली एकच प्रत शाबूत राहिली, ती घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते गेलेल्या विजेने.

'आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही,' असं अधिकारी सांगतात. इराणच्या नतान्झ अणुकेंद्राचीही नव्हती; स्टक्सनेट हा व्हायरस तिथे पेन ड्राइव्हमधून पोचला, असंच मानलं जातं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. क्वचितच लागणाऱ्या कामासाठी माणसं तयार ठेवणं महाग पडतं. शिवाय यूपीआयचे व्यवहार कारकून बसवून होणार नाहीत. पण वीज, पाणी, बंदरं यांचं निदान निकडीचं काम हाताने चालू शकतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढे घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक सांगितली. कारण कोणतंही असो, पुन्हा सुरू करण्याची तयारी दोन्हीकडे तीच लागते. तुमच्या नगरसेवकाला एकदा विचारा: पाणीपुरवठ्याचे संगणक उद्या बंद पडले, तर व्हॉल्व्ह फिरवणारी माणसं कोण आहेत, आणि त्यांनी तो याआधी कधी फिरवून पाहिला होता?