दुसऱ्या श्रेणीचा हंगाम

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये वाढलेल्या मुलाला बर्फावरची हॉकी समजावून सांगणे वाटते तितके अवघड नाही. गोठलेले तळे त्याने पाहिलेले नसते, हे खरे. परंतु हॉकी त्याला परकी नाही, कारण जवळचे राजनांदगाव हे गाव या खेळासाठी सबंध छत्तीसगडात प्रसिद्ध आहे. कारखान्याच्या नावाने मैदानात उतरणारा संघ ही कल्पनाही त्याला नवी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कारखाना आहे म्हणून जे शहर आहे, अशा शहराचे जीवन तो प्रत्यक्ष जगत असतो. पाळ्यांप्रमाणे चालणारा दिवस, क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते, एकसारखी घरे, आणि प्रत्येक सेक्टरात शाळेइतकेच आवश्यक मानलेले खेळाचे मैदान, हे सारे त्याच्या परिचयाचे असते. बर्फावरच्या हॉकीचे एक मोठे दालन नेमके अशाच शहरांत उभे आहे.

भिलाईचा आणि त्या शहरांचा संबंध केवळ साम्याचा नाही. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि त्यातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. या बांधणीच्या काळात सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता होते वेनियामिन दिमशित्स. हा मनुष्य घडला तो सायबेरियातील कुझ्नेत्स्क येथील पोलाद कारखान्याच्या उभारणीवर; पुढे त्याने मग्नितोगोर्स्क आणि झापोरोझ्ये येथील बांधकामे सांभाळली आणि तेथून तो भिलाईस आला. कुझ्नेत्स्कच्या भट्टीतून पहिले लोखंड बाहेर पडले ते १९३२ च्या एप्रिलात, म्हणजे भिलाईच्या सत्तावीस वर्षे आधी. त्या कारखान्याभोवती जे शहर वाढले त्याचे आजचे नाव नोवोकुझ्नेत्स्क. भिलाई भारतीय रेल्वेचे रूळ घडविते. नोवोकुझ्नेत्स्क रशियन रेल्वेचे. दोन्ही शहरांची कुळकथा अशी मिळतीजुळती आहे. फरक असा, की तेथे जानेवारीत पारा शून्याच्या वीस-तीस अंश खाली उतरतो, आणि म्हणून तेथील कामगारांच्या मुलांच्या पायात धावण्याचे बूट येण्याऐवजी पोलादी पाते लावलेले बूट आले. या शहराचा ‘मेटालुर्ग’ नावाचा हॉकी क्लब १९४९ सालचा. ‘मेटालुर्ग’ या शब्दाचा अर्थच मुळी धातुकाम करणारा.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. सुमारे साठ मीटर लांबीच्या आणि सव्वीस ते तीस मीटर रुंदीच्या आखाड्यात प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक उतरतात. काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांतून अतिथंड द्राव खेळवून तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरलेला असतो. चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. या खेळात वेग इतका असतो, की कोणताही खेळाडू एका वेळी पाऊण-एक मिनिटाहून फारसा बर्फावर टिकत नाही. खेळ चालू असतानाच थकलेली तुकडी कठड्याबाहेर येते आणि ताजी तुकडी आत उडी घेते. त्यामुळे वीस-बावीस जणांचा संपूर्ण संघ सामन्यात राबतो. जो संघ केवळ दोन-तीन नामांकितांच्या भरवशावर असतो, त्याचा तिसऱ्या डावात दम उखडतो. पाळी बदलण्याचे हे तत्त्व पोलाद कारखान्यातील माणसाला विशेष समजावून सांगावे लागत नाही.

आता श्रेणींचा प्रश्न. कोणत्याही देशात खेळ धंदेवाईक झाला, की संघांची प्रतवारी लागते. सर्वांत वरची साखळी स्पर्धा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दिसते; तिच्याखाली दुसरी श्रेणी असते. वरच्या आणि खालच्या श्रेणींमधील दार कसे उघडते, यावर त्या देशाच्या खेळाची रचना ओळखता येते. स्वीडनमध्ये हे दार क्लबांसाठी उघडे आहे. तेथील यूरगोर्डेन हा स्टॉकहोमचा क्लब देशाच्या अजिंक्यपदाचा सर्वाधिक वेळा मानकरी. पण २०२२ साली तो तळाला गेला, तेव्हा त्याची पुण्याई कोणी मोजली नाही. त्याला दुसऱ्या श्रेणीत उतरावे लागले, आणि परत वर येण्यास २०२५ साल उजाडले. अमेरिकेत रीत उलटी आहे. तेथे क्लबासाठी दार बंद, पण खेळाडूसाठी सताड उघडे. १९३६ पासून चालत आलेल्या अमेरिकन हॉकी लीगमधील प्रत्येक संघ वरच्या श्रेणीतील कोणत्या ना कोणत्या संघाशी जोडलेला असतो. संघ जन्मभर दुसऱ्या श्रेणीतच राहतो. खेळाडू मात्र आज येथे, तर उद्या एका दूरध्वनीसरशी वरच्या संघात जातो. नॅशनल हॉकी लीगमध्ये चमकणारे बहुतेक खेळाडू या पायरीवरूनच चढलेले असतात.

रशियाची व्यवस्था या दोहोंच्या मधली आहे. वरची कॉन्टिनेन्टल हॉकी लीग २००८ साली स्थापन झाली आणि तिच्याखालची लीग २०१० साली. या दुसऱ्या श्रेणीच्या नावातील ‘वीश्शाया’ या रशियन शब्दाचा अर्थ मात्र ‘सर्वोच्च’ असा होतो. जुन्या व्यवस्थेतून हे नाव चालत आले आहे आणि त्यातील विसंगतीचे कोणाला नवल वाटत नाही. या लीगमध्ये तीन प्रकारचे संघ एकत्र नांदतात. काही संघ वरच्या क्लबांच्या शाखा असतात. तेथे तरुणांना तयार करून वर पाठवावयाचे, एवढेच त्यांचे प्रयोजन. काही लहान शहरांचे स्वतंत्र संघ असतात. वर जाण्याची ऐपत नसली तरी गावाचा मान राखणे हे त्यांचे काम. आणि काही संघ वरून उतरलेले असतात. मेटालुर्ग नोवोकुझ्नेत्स्क हा या तिसऱ्या प्रकारातला.

वरची लीग सुरू झाली तेव्हापासून मेटालुर्ग तिच्यात होता, परंतु त्याच्या वाट्याला यश थोडेच आले. मात्र त्याच वर्षांत या शहराने खेळाडू असे घडविले, की जगाने नाव घ्यावे. गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्स्की २०१० साली येथून अमेरिकेस गेला. तेथील सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्याने २०१३ आणि २०१७ असा दोनदा मिळविला, आणि २०२४ व २०२५ या लागोपाठच्या वर्षी फ्लोरिडाच्या संघाबरोबर स्टॅन्ले करंडक जिंकला. बचावपटू दिमित्री ओर्लोव याने तोच करंडक २०१८ साली वॉशिंग्टनच्या संघाबरोबर जिंकला. किरील काप्रिझोव याने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात जादा वेळात जर्मनीवर निर्णायक गोल केला. तिघेही जन्माने नोवोकुझ्नेत्स्कचे, तिघांचाही व्यवसायातील आरंभ मेटालुर्गमधला. आणि तिघांपैकी एकालाही त्या क्लबास फार काळ ठेवून घेता आले नाही. ज्या शहराची तिजोरी मर्यादित, त्याने घडवावे आणि श्रीमंताने न्यावे, हा न्याय शेतमालाला जसा लागू आहे तसाच खेळाडूलाही.

२०१७ च्या मे महिन्यात वरच्या लीगने मेटालुर्गला आपल्या यादीतून वगळले. क्लबांची मैदानावरील कामगिरी, आर्थिक बळ आणि प्रेक्षकांचा ओढा यांचे मोजमाप करून ही लीग आपली घडी बसवीत होती, आणि त्या मापात हे शहर उणे ठरले. काप्रिझोवचा ऑलिम्पिकमधील तो गोल तेव्हा अजून व्हावयाचा होता. २०१७-१८ च्या हंगामापासून मेटालुर्ग दुसऱ्या श्रेणीत खेळू लागला.

या श्रेणीचा हंगाम कसा असतो? जुलैत खेळाडू एकत्र येतात. ऑगस्टमध्ये सरावाच्या लहान स्पर्धा होतात. सप्टेंबरच्या आरंभी साखळी सामने सुरू होतात आणि हिवाळा सरेपर्यंत चालतात. प्रत्येक संघाला पन्नास-साठ सामने खेळावे लागतात. त्यांतील अर्धे परगावी, आणि परगाव म्हणजे काय याची कल्पना नकाशा पाहिल्यावाचून येत नाही. नोवोकुझ्नेत्स्कहून वोरोनेझला जावयाचे तर तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते आणि घड्याळ चार तास मागे घ्यावे लागते. म्हणून एका दौऱ्यात तीन-चार गावांचे सामने उरकून मगच संघ घरी परततो. वरच्या श्रेणीत जो थाट असतो तो येथे नसतो. प्रवासाचा शीण तोच, किंबहुना अधिक, आणि मोबदला मात्र कमी. मध्यंतरी एखादा तरुण वरच्या संघाकडून बोलावणे येऊन निघून जातो, एखादा वरून नाकारलेला परत येतो. संघनायकाला अर्धा हंगाम नव्या माणसांशी जुळवून घेण्यात काढावा लागतो. साखळी संपली, की वरच्या क्रमांकाचे संघ बाद फेरीत जातात. तेथे जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे सरकतो. म्हणजे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात-सात वेळा झुंजण्याचा प्रसंग येतो.

अशा हंगामाला प्रेक्षक का येतात, हा खरा प्रश्न आहे. १९८४ साली बांधलेल्या ‘कुझ्नेत्स्क पोलादकामगारांच्या क्रीडाप्रासादा’त काही हजार माणसांची सोय आहे. वर जाण्याची हमी नसलेल्या, उत्तम खेळाडू हातचे गमावलेल्या संघासाठी ऐन थंडीत घराबाहेर पडणारा माणूस केवळ विजय पाहावयास येत नाही. बर्फावरचा गोलरक्षक आपल्या शाळेतला आहे. खालच्या वयोगटातील ‘कुझ्नेत्स्कचे अस्वल’ या संघात शेजाऱ्याचा मुलगा आहे. आणि हाच मुलगा उद्या काप्रिझोव होणार नाही असे कोणी सांगावे, हे त्याला ठाऊक असते. वरच्या श्रेणीत शहर जगाला दिसते. दुसऱ्या श्रेणीत शहर स्वतःला दिसते. श्रेणी बदलली तरी मुलांची शाळा चालू राहिली, बर्फ धरणारी यंत्रे चालू राहिली, सामन्यांचे वेळापत्रक चालू राहिले, म्हणून क्लब टिकला.

हे टिकणे आपोआप घडत नाही. रशियातील दुसऱ्या श्रेणीचे क्लब तिकिटांच्या उत्पन्नावर जगत नाहीत. प्रांतिक शासन आणि मोठे कारखाने यांच्या साहाय्यावर ते मुख्यतः उभे असतात. स्वतः कुझ्नेत्स्कच्या जुन्या कारखान्याचे रूप पार पालटले. त्याच्या झोतभट्ट्या विझल्या आणि २०११ साली तो शेजारच्या पश्चिम सायबेरियन कारखान्यात विलीन झाला. रूळ घडविण्याचे काम तेवढे चालू राहिले. दाता असा आकसत गेला, की खेळाचे काय करावयाचे हे शहराला नव्याने ठरवावे लागते.

येथे भिलाईच्या श्रोत्याला हा विषय दूरचा वाटणार नाही. भिलाईतही कारखान्याच्या कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत फार घटली आहे. ज्या पिढीसाठी सेक्टरांची आखणी झाली ती निवृत्त झाली. तिच्यातले कित्येक मराठी कुटुंबप्रमुख नागपूर-पुण्याकडे परतले. सेक्टर १ चे पंत स्टेडियम, सिव्हिक सेंटरजवळचे जयंती स्टेडियम आणि सेक्टरासेक्टरांतील लहान मैदाने ही कारखान्याने दिलेली देणगी आहे. भारतीय पोलाद प्राधिकरणाने आपल्या शहरांत खेळ वाटून घेतले, तेव्हा हॉकीची प्रबोधिनी राउरकेल्याला, फुटबॉलची बोकारोला आणि धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांची भिलाईला आली. परंतु प्रबोधिनी ही निवडक मुलांसाठी असते. उरलेल्या मुलांसाठी नेमाने चालणारा, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी होणारा, गावाने जाऊन पाहावा असा सामन्यांचा हंगाम लागतो, आणि तोच आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ आहे. एखादी निमंत्रितांची स्पर्धा आठवडाभर गाजते, मंडप उठतो, आणि मैदानावर पुन्हा गवत वाढते.

सायबेरियातील त्या पोलादनगरीपासून घेण्याजोगे आहे ते हेच. तिने अव्वल स्थान गमावले, उत्तम मुले गमावली, कारखान्याचे जुने वैभव गमावले. हंगाम मात्र गमावला नाही. सप्टेंबर आला, की तेथे बर्फ धरला जातो. खेळाडू कोठेही जावोत, त्यांना घडविणारी जागा गावात राहिली पाहिजे, आणि ती राखण्याचा खर्च कारखान्याने एकट्याने करावा ही अपेक्षा आता सोडली पाहिजे. नगरपालिका, शाळा, निवृत्त कामगार आणि नवे रहिवासी यांनी मिळून सेक्टर ६ च्या मुलांसाठी वर्षाचे एक वेळापत्रक आखले आणि ते दहा वर्षे न चुकता पाळले, तर त्या मैदानाला श्रेणी कोणती हे विचारण्याचे कारण उरणार नाही.