चिलखत आणणारी राणी

आज कोरिया देशाची हजार वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकू या.

चोंग्जू गावात यू नावाचं श्रीमंत घराणं होतं. वांग गॉन हा सेनापती फौज घेऊन तिथून जात होता. ओढ्याकाठी त्याला या घरची मुलगी दिसली. तिच्या वडिलांनी साऱ्या फौजेला जेवू घातलं. सेनापती पुढे गेला आणि त्याचा निरोपच येईना. मुलगी डोकं भादरून बौद्ध भिक्षुणी झाली. हे कळल्यावर त्यानं तिला बोलावून लग्न केलं.

तेव्हाचा राजा गुंग ये फार क्रूर. स्वतःच्या राणीलाही त्यानं मारलं होतं. 918 साली एका रात्री चार सरदार वांग गॉनकडे आले. म्हणाले, "आता तुम्हीच राजा व्हा." बायकोनं ऐकू नये म्हणून त्यानं तिला परसातली फळं आणायला पाठवलं. ती पडद्याआड थांबली. नवरा कचरतोय हे पाहून पुढे झाली, जुलमी राजाला हटवणं योग्यच आहे असं म्हणाली आणि स्वतः चिलखत आणून दिलं. त्या रात्री गोर्यो राज्य उभं राहिलं. ते पावणेपाचशे वर्षं टिकलं.

वांग गॉननं पुढे घराण्या-घराण्यांशी सोयरीक जोडत एकोणतीस बायका केल्या. हिला मूल झालं नाही. गादी नाजूच्या ओह घराण्यातल्या दुसऱ्या राणीच्या मुलाला मिळाली.

आज तिला राणी सिन्ह्ये म्हणतात, पण ते नाव मरणानंतरचं. माहेरचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही.

म्हणून बायांनो, गटाच्या वहीत 'अमक्याची बायको' नको. आपलं नाव आपल्या हातानं लिहा.