दाढ काढली, आता रक्ताची गाठ सांभाळा



हिंगणा परिसरात दातांच्या दवाखान्यांची वानवा नाही. डिगडोहला आणि वानाडोंगरीला दंत महाविद्यालये आहेत. नागपुरात मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दाढ काढायला फार वेळ लागत नाही. पुढची काळजी मात्र घरीच घ्यावी लागते, आणि घोटाळा तिथेच होतो. दुपारी दाढ काढलेला माणूस संध्याकाळी पानठेल्यावर दिसतो. "दुसऱ्या गालात धरला आहे," असे सांगतो. तिसऱ्या दिवशी तोच कान धरून बसतो. असे का होते, ते समजून घेऊ.

गाठ म्हणजेच मलमपट्टी

दात निघाला की हाडात खड्डा उरतो. त्यात रक्त साकळून गाठ बनते. हाताच्या जखमेला आपण पट्टी बांधतो, तोंडातल्या जखमेला ही गाठच पट्टीचे काम करते. तिच्या आधाराने नवे मांस भरते. गाठ निघून गेली तर आतले हाड उघडे पडते आणि कानापर्यंत ठणका जातो. डॉक्टर याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात.

पहिले 24 तास

1. डॉक्टरांनी दिलेला बोळा अर्धा ते एक तास घट्ट चावून धरा. सारखा काढून पाहू नका.
2. थुंकू नका, लाळ गिळा. लाळेत थोडी लाली दिसली तर घाबरू नका.
3. चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, जखमेला बोट किंवा जीभ लावू नका.
4. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरा, मधे थांबून पुन्हा धरा. पहिल्या दिवशी गरम शेक नको.
5. तोंडाची बधिरता गेल्यावरच खा. गार वरण-भात, दही-भात, पातळ खिचडी चालेल. गरम चहा आणि तिखट रस्सा नको. लहान मूल बधिर ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.
6. जड ओझे उचलू नका. झोपताना उशी उंच घ्या.

रक्त पुन्हा आले तर स्वच्छ कापडाची जाड घडी करून जखमेवर ठेवा आणि बसून अर्धा तास सलग चावून धरा.

दुसऱ्या दिवसापासून

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाका. हे पाणी तोंडात हळूच फिरवा आणि ओठ सैल सोडून पडू द्या. जेवणानंतर आणि झोपताना असे करा. बाकीचे दात मऊ ब्रशने घासा. जखमेत तंबाखू, गुडाखू, हळद, लवंगेचे तेल किंवा कुटलेली गोळी भरू नका. गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच आणि तितके दिवस घ्या. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत.

वरची दाढ काढली की डोळे जातात, ही भीती अजून ऐकू येते. दात काढल्याने नजर कमी होत नाही. या भीतीपोटी किडकी दाढ तोंडात ठेवली तर पू मात्र पसरतो.

खर्रा आणि दारू

खर्रा दुसऱ्या गालात धरला तरी त्याचा रस तोंडभर फिरतो. त्यातल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते. चुन्याने ती जळजळते, सुपारीचे कण खड्ड्यात बसतात, आणि प्रत्येक पिचकारीसरशी गाठ सुटायची भीती असते. बिडी ओढल्यानेही तेच होते. निदान आठवडाभर दोन्ही बंद ठेवा. दात काढल्यावर दिलेल्या काही गोळ्यांवर दारू घेतली तर उलट्या आणि धडधड होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही नशेपासून दूर राहायला सांगते. आम्ही हे शील वंदनेत म्हणतो, तेव्हा खिशातल्या खर्ऱ्याच्या पुडीचाही विचार करू या. आठवडाभर सुटला तर पुढेही सुटू शकतो. तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल किंवा आत पांढरे-लाल चट्टे असतील, तर दाढ काढायला गेल्यावर तेही तपासून घ्या.

आधी सांगा, नंतर लपवू नका

साखर, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर दात काढण्याआधीच सांगा. रोजची गोळी मनाने बंद करू नका.

तासभर दाबूनही रक्त थांबले नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढला, घाण वास किंवा ताप आला, तर जिथे दाढ काढली तिथेच परत जा. सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा.

एमआयडीसीत रोजीवर जाणाऱ्यांना आणि घरकाम करणाऱ्या भगिनींना एक दिवस बुडवणे जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळीच दाढ काढा. त्या दिवशी घरातल्या बाईची दाढ काढली असेल, तर पाण्याचे गुंड बाकीच्यांनी उचला. एक दिवसाची विश्रांती पुढचे तीन-चार दिवस वाचवते.

जयभीम.